कपाळावर लिहिणारा फौजी

भाऊलालजी पटले माझ्या दुकानातून दोन वस्तू नेमाने न्यायचे. एक कपडे धुण्याचा साबण आणि दुसरं निळं बॉलपेन. साबण ते न बघता पिशवीत टाकत, पेन मात्र पारखून घेत. झाकण काढायचं, स्वतःच्या मनगटावर रेघ ओढायची, ती अंगठ्याने घासून बघायची. कागदावर झरझर चालणारं पेन कातडीवर अडखळतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पसंत नाही पडलं की पेन परत बरणीत. "हे शाळेच्या पोट्ट्याईले वीक. माह्या कामाचं नाही."

"तुमी कोनती पोथी लिवून राहिले जी, फौजीभाऊ?" मी विचारायचो.

"तुही कुंडली लिवून राहिलो," असं म्हणून ते पेन खिशाला अडकवत आणि रस्ता ओलांडून समोरच्या आपल्या घरात शिरत. आमच्या दवनीवाड्यात माणसं सरळ तोंडावर बोलतात, पण भाऊलालजी त्यातही जरा जास्तच सरळ होते. मला त्यांचा राग यायचा, आणि एखाद्या दिवशी ते दुकानात आले नाहीत तर चुकल्यासारखंही वाटायचं.

ते फौजेच्या वैद्यकीय दलात होते. डॉक्टर नव्हेत, नर्सिंग असिस्टंट. कारगिलच्या लढाईत ते एका पायदळ पलटणीबरोबर वर बर्फात होते आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी पेन्शन घेऊन गावी आले. गावाने त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं. बसस्टँडवर बँड, झेंडूचे हार, शाळेची मुलं रांगेत. सरपंचाच्या घरची बाई आरतीचं ताट घेऊन पुढे आली आणि कुंकवाचं बोट तिने त्यांच्या कपाळाकडे नेलं, तसे भाऊलालजी झटक्याने मागे सरले. बाईचं बोट हवेतच राहिलं. सगळे बघत होते. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मनगट उलटं करून म्हणाले, "इथं लावा, बाई."

तिने लावलं बिचारीने, पण गावात महिनाभर तोच विषय. कोणी म्हणालं फौजेत राहून याने धर्म बदलला, कोणी म्हणालं डोस्क्यात गोळी अडकली असल. भाऊबीजेला त्यांची बहीण यायची, तीही मनगटावरच टिळा लावायची. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना टिळा लावणारा जवळ आला की हे उठून चपला शोधायला लागत. त्यांच्या बायकोला, शांतावहिनींना, मी एकदा विचारलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मले का मालूम? आल्या आल्या तापानं फनफनले होते. मी ओला फडका कपारावर ठेवाले गेली, तं माहा हात असा धरला का दोन दिवस सुजला. मंग स्वतःच रडत बसले. तवापासून मी त्याईच्या तोंडाले हात लावत नाही." एवढं बोलून त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या.

भाऊलालजींनी गावात दवाखाना वगैरे थाटला नाही. कोणी डॉक्टर म्हटलं की चिडत. "मी पट्टी बांधनारा मानूस हाये. दवाई पाहिजे तं दवाखान्यात जा." पण पट्टी बांधायला ते कधीही तयार असत. खाकी रंगाची जुनी पिशवी खुंटीला अडकवलेली असायची. तिच्यातली कैची ते चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायचे, आणि त्यावरून वहिनींचा आवाज आमच्या दुकानापर्यंत यायचा. त्यांचं एक वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं: "आधी श्वास, मंग रगत, मंग रडनं." कोणाच्या घरी काही झालं आणि बायकांनी हंबरडा फोडला की हे दारातूनच ओरडायचे, "रडनं तिसऱ्या नंबरवर हाये, बाजूले व्हा!" अशा वेळी असं बोलणारा माणूस लोकांना आवडणार कसा? पण बोलवायचे त्यांनाच.

निळ्या पेनचा उलगडा रोवणीच्या दिवसांत झाला. धानाच्या बांधीत चिखलात वाकून परहे, म्हणजे रोपं, लावताना कौसाबाई नावाच्या बाईच्या पायाला साप डसला. भाऊलालजी धावत आले. पाय हलू नये म्हणून बांबूची कमची लावून बांधला, बाईला आडवी केली, ट्रॅक्टर बोलावला. आणि ट्रॉलीत चढवण्याआधी खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या कपाळावर साप चावल्याची वेळ लिहिली. ठळक, दोनदा गिरवून.

तिचा नवरा भडकला. "अबे फौजी, जित्या बाईच्या कपारावर कायले लिवतं?"

"कागद हरवते," भाऊलालजी म्हणाले. "कपार हरवत नाही. गोंदियाले जाईपर्यंत हे बोलनं बंद करन, तवा तुले वेळ इचारली तं तू सांगशील? तू तं आत्ताच थरथरून राहिला." मग त्यांनी त्याचा खांदा घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "आनि आयक. रस्त्यात तिचं तोंड पुसू नोको. घाम आला तरी पुसू नोको. तुले हात जोडतो."

ते हात जोडणं मला त्या वेळी विचित्र वाटलं. हा माणूस देवळातसुद्धा हात जोडताना चारदा विचार करायचा.

कौसाबाई वाचली. शाई मात्र बरेच दिवस गेली नाही, आणि गावाने तिला 'फौजीचा ठप्पा' म्हणून चिडवून बेजार केलं. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "सटवाई मानसाच्या कपारावर एकडाव लिवते, हा फौजी तं केव्हाबी लिवते." पुढे पुढे ती रीतच पडली. गावातून गोंदियाला जाणाऱ्या रोग्याच्या कपाळावर निळी अक्षरं असायची. ताप किती वाजता चढला, इंजेक्शन दिलं असेल तर कोणतं, केव्हा. शहरातल्या दवाखान्यातल्या नर्सबाया म्हणे लांबूनच ओळखायच्या, "दवनीवाडा का पेशंट आया." लोक हसायचे, आणि भाऊलालजी मनगटावर पेनची रेघ ओढून बघत राहायचे.

त्यांच्याबद्दल राग धरणारेही होते. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर तळ्याच्या पाळीवरून खाली बांधीत उलटला. आठ-दहा माणसं इकडेतिकडे पडलेली. सरपंचाचा भाऊ हात मोडून आकाशपाताळ एक करत होता. मीही होतो तिथे, हात कुठे घालावा कळत नव्हतं. भाऊलालजी आले ते त्याच्या अंगावरून ओलांडून गेले. अक्षरशः ओलांडून. पळसाच्या झाडाला टेकून एक म्हातारा शांत बसला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्याच्यापाशी जाऊन बसले. तो पोटात आतल्या आत रक्त जाऊन मरायला लागला होता, हे आम्हाला नंतर समजलं. सगळ्यांत पहिला तो जीपमध्ये गेला. सरपंचाच्या भावाने पुढे भाऊलालजींच्या घरचं पाणी पिणं सोडलं, गावच्या कार्यक्रमांतून त्यांचं नाव काढलं.

"थो ओरडून राहिला होता," भाऊलालजी मला म्हणाले, "मंजे त्याचा श्वास चालू होता. चूप बसला त्याच्याकडे आधी पाहाचं असते." मग पुढे म्हणाले, "चूप मानूस लवकर इसरून जाते, दुकानदार."

उन्हाळ्यात दरवर्षी त्यांच्या नावाने एक टोपली यायची. सालेकशाकडून येणारा कोणी ओळखीचा ती बसने आणायचा. वर पळसाची पानं, खाली पिकलेली टेंभरं आणि चारोळीची चारं. जंगलचा मेवा. आमच्या धानाच्या मुलखात त्याचं अप्रूप. भाऊलालजी टोपली घरात न नेता थेट माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवत. "वाटून टाक." स्वतः एक टेंभर तोंडात घालत नसत. मी सालोसाल ती टेंभरं मिटक्या मारत खाल्ली आणि वाटली. कोणी पाठवली, हे विचारलं तर म्हणायचे, "हाये एक बुढी."

मग एका पावसाळ्यात, लढाईला दहा वर्षं होऊन गेली असतील, टोपलीऐवजी माणूस आला. सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे, तिथल्या शाळेचे मास्तर. त्या गावचा दिलीप नावाचा मुलगा कारगिलमध्ये शहीद झाला होता. शाळेच्या अंगणात त्याचा चबुतरा बांधला होता, आणि दिलीपची आई म्हणत होती की दवनीवाड्याचा फौजी आल्याशिवाय चबुतऱ्यावर फूल वाहायचं नाही. आजवर तिने किती निरोप पाठवले, भाऊलालजींनी दर वेळी रोवणीचं नाहीतर कापणीचं कारण सांगितलं. या वेळी मास्तर ओसरीवर बसूनच राहिले. शेवटी भाऊलालजी म्हणाले, "येतो." आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "तू चाल माह्यासंगं. मी रस्त्यातून वापस आलो नाही पाहिजे."

गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघालो. आमगाव मागे पडलं, हळूहळू धानाच्या बांध्या सरून झाडी लागली. भाऊलालजी खिडकीशी बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन.  मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"पलटनीत मी अन् दिलीप, आमी दोघंच गोंदियाचे. बाकी सारे पोळी खानारे. आमाले भाताबिना झोप नाही ये. लंगरात भात भेटला का थो माह्यासाठी डब्यात झाकून ठेवे."

त्यांनी खिडकीचं तावदान वर सरकवलं.

"गोळ्याचा तुकडा त्याच्या पोटात गेला. मी पोचलो तवा तोंड सारं बारूद अन् रगतानं भरलं होतं. दुखनं थांबाची सुई देली. मॉर्फियाची. थे सुई देली का कपारावर 'एम' लिवाचं आनि वेळ लिवाची, अशी रीत असते. गळ्यात बांधाच्या चिठ्ठ्या होत्या, पन त्या दिवशी संपल्या होत्या. मी कपारावर लिवलो. सारं बरोबर केलो. मंग थो म्हणे, भाऊलालदादा, माहं तोंड पूस. आई पाहील तं भिईल."

गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर थांबली. एक बाई सीताफळांची पाटी घेऊन चढली. भाऊलालजींनी पाय आखडून तिला जागा दिली.

"मी पुसलो. पट्टीचा कपडा पान्यात भिजवून चांगलं पुसलो. कपार, गाल, कान. थो हासला. मंग खाली दुसरा चूप पडला होता, त्याच्याकडे गेलो. तेवढ्यात स्ट्रेचरवाले आले अन् याले उचलून घेऊन गेले."

मला अजून कळलं नव्हतं. मी म्हणालो, "मंग?"

"मंग काय? खालच्या तंबूतल्यानं पाह्यलं, कपार कोरं हाये. पोट्टा कन्हून राहिला. त्यानं अजून एक सुई देली. त्याची का गलती? मीबी देलो असतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि झाकण उघडझाक करत राहिले. "थंडीत पहिली सुई अंगात भिनतच नाही. तशीच चमडीखाली राहते. तंबूत मानूस गरम झाला का मंग दोन्ही एकदम चढते. श्वास बंद."

"डॉक्टर का म्हणाले?"

"म्हणाले, जखम मोठी होती, थो वाचतच नव्हता. डॉक्टरसाब भला मानूस. थे तसंच म्हणनार." ते पेन त्यांनी पुन्हा खिशाला लावलं. "म्हणून आलो. बुढी मले टेंभरं पाठवते. तिले मालूम पाहिजे ना, कोनाले पाठवून राहिली. आज सांगून टाकतो. थुंकली तं थुंकू दे."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्याकडे पुरुष असे हात धरत नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यांनी सांगू नये. आणि असंही वाटत होतं की नाही सांगितलं तर हा माणूस काही जगायचा नाही.

शाळेच्या अंगणात पोरं रांगेत उभी होती, चबुतऱ्याला नुकताच चुना दिलेला. भाषणं झाली, ती आता आठवत नाहीत. दिलीपची आई सोमीबाई एका बाजूला मोहाच्या झाडाखाली बसली होती. वाळलेली, लहानशी बाई. भाऊलालजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, अगदी सावधान. त्यांनी तोंड उघडलं, पण बाईच आधी बोलली.

"तूच का रे बाप्पा, माह्या दिलीपजवळ होता थो?"

"हव माय."

"बस. मले एक इचाराचं हाये. दहा वर्सापासून इचाराचं हाये." तिने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "पेटी आली तवा सारे म्हणत होते, उघडू नोका, लढाईतला मुर्दा हाये, आई पाहू शकनार नाही. मी म्हणली, उघडा. मी लय भेत होती. उघडली, तं माह्या पोट्ट्याचं तोंड एकदम साफ. जसं मी लहानपनी बोडीच्या पान्यावर घेऊन जाऊन धुवून देत होती ना, तसं. कानाच्या मांगंबी मळ नाही." तिने आपला पदर हातात घट्ट धरला होता. "मंग मले झोप आली त्या राती. मी म्हणली, तिथं कोनी होतं त्याचं. मरताना कोनीतरी त्याचं तोंड पुसलं. आजवर मी तेवढ्यावर जगली. तू पुसलं का?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 

"हव," भाऊलालजी म्हणाले. "मीच पुसलो."

"मले वाटतच होतं."

"पन माय, आयक. थे पुसलं म्हणूनच..."

तिने पुढचं ऐकलं नाही. ऐकू आलंच नाही म्हणा. चबुतऱ्यासाठी आणलेलं ताट तिच्याजवळच होतं. तिने कुंकवात बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाकडे नेलं.  मला वाटलं, आता हे मागे सरणार, मनगट पुढे करणार, आणि या म्हातारीच्या मनात कायमचं काहीतरी तुटणार.

भाऊलालजी हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हातारीने बोट टेकवलं, वर ओढलं, तांदूळ लावले. मग तिने त्यांचं घामेजलेलं तोंड आपल्या पदराने पुसलं, टिळा सोडून बाकी सगळं, गाल, मान, कानाच्या मागेसुद्धा. ते लहान मुलासारखे मान वाकडी करून बसले होते आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती म्हणत होती, "रडू नोको. तू आपलं काम केलं ना बाप्पा."

 ते बुढीला सांगायला आले होते आणि बुढीने त्यांचं सांगणंच काढून घेतलं, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. आता सांगायचं म्हणजे तिची ती झोप हिसकावून घ्यायची. हा तसा माणूस नव्हता. चबुतऱ्यावर फुलं वाहिली, आम्ही भात जेवलो. भाऊलालजींनी मागून भात घेतला.

परतीच्या गाडीत उकडत होतं. घामाने टिळा ओघळून त्यांच्या नाकावर आला होता, पांढऱ्या सदऱ्यावर एक थेंब पडला होता. मी सवयीने रुमाल पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला, हळूच.

"राहू दे."

 गोंदियाला उतरताना म्हणाले, "सांगाचं राहून गेलं, दुकानदार." मी म्हणालो, "बरं झालं." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि फलाटावरून चालायला लागले. तिला बरं झालं असेल. त्यांचं काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढेही काही वर्षं ते होते. उन्हाळ्यात टोपली येत राहिली. आता ते ती घरात नेत आणि माझ्या फळीवर मूठभर टेंभरं ठेवून जात. पेनं तशीच पारखून घेत. मग एका हिवाळ्यात ते गेले, झोपेतच, कोणाला हाक न मारता. पण माझ्या डोळ्यांपुढे येतात ते सोमीबाईच्या गावाहून परतलो त्या संध्याकाळचे. बाहेरून आलं की आमच्याकडे अंगणातच हातपाय, तोंड धुवून घरात शिरतात. मी दुकानाची फळी उघडत होतो. समोर शांतावहिनींनी पाण्याची बादली आणून ठेवली आणि त्यांच्या कपाळाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. भाऊलालजींनी पाय धुतले, टाचा एकमेकींवर घासून. हात धुतले, कोपरापर्यंत, दवाखान्यात धुतात तसे, सावकाश. मग लोटा उपडा करून बादलीवर ठेवला.

"तोंड नाही धुवत काऊन?" वहिनींनी विचारलं.

"आज नाही," ते म्हणाले, आणि तसेच घरात गेले.